जोर आमचा, खुराक त्यांचा

"घरात काम कमी पडलं काय गे, जिमला चाललीस ते?" आमच्या गल्लीत हे मला इतक्या जणींनी विचारलं की शेवटी मी त्याचा खरोखरच विचार करायला लागले. प्रश्न खोचक होता, पण बिनबुडाचा नव्हता. बाई दिवसभर वाकते, उठते, उचलते, चढते, उतरते. तिला आणखी पैसे भरून वाका-उठायला कशाला जायला पाहिजे? मी लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले, आणि शहापूर-वडगाव-खासबाग या पट्ट्यात तर हा मुद्दा खोडून काढणं फारच अवघड. इथल्या विणकरांच्या घरांत बायकांचे हात कधी रिकामे नव्हतेच. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं कांड्या, म्हणजे मागाच्या सुताच्या नळ्या, भरण्यात घालवली. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिकडं आई भाताच्या रोप लावणीला अख्खा दिवस पाण्यात वाकून असायची. दोन्ही घरांत व्यायाम हा शब्द फक्त शाळेच्या पी. टी.च्या तासापुरता होता.

पण आईची कंबर साठीच्या आत गेली. आत्यांचा उजवा खांदा वर जात नाही, केस विंचरायला दुसरं कुणीतरी लागतं. एवढं काम करून अंगात ताकद साठायला हवी होती ना? ती गेली कुठं, हा माझा प्रश्न होता.

पतसंस्थेतली माझी नोकरी बसून करायची. संध्याकाळी घरी आले की उभ्याने. गुडघे जिना उतरताना कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी न देता सांगितलं, "मांडीचे स्नायू बळकट करा. नुसतं चालून होणार नाही." चालायला मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जात होते. टिळकवाडीतली निम्मी जनता सकाळी तिथंच भेटते, आणि खरं सांगायचं तर तिथं पायांपेक्षा तोंडाचा व्यायाम जास्त होतो. त्यामुळं मी बायकांच्या एका छोट्या जिमची चौकशी केली.

जिम म्हणजे मेडिकल दुकानाच्या वरचा एक हॉल. काचांना आतून फिल्म चिकटवलेली, कारण समोरच चहाची टपरी आहे. पाटी कन्नडमध्ये, दरपत्रक इंग्रजीत, आतला गोंगाट बहुतेक मराठीत. दोन ट्रेडमिल, त्यातली एक कपडे टाकायला. डंबेल्सचा स्टँड, रबरी मॅट, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात मारुतीचा फोटो. मारुती बघून मला हसू आलं. तालमीत ज्याच्यासमोर बायकांनी जायचं नाही अशी रीत, तो इथं बायकांच्या चपलांच्या कपाटावर निवांत बसलेला.

ट्रेनर बैलहोंगल बाजूची, आमच्या सगळ्यांपेक्षा वयानं लहान. कॉलेजात खो-खो खेळायची. आम्ही तिला मॅडम म्हणतो, ती आम्हाला अक्का म्हणते, आणि पन्नाशीच्या पुढच्यांना काकू. तिचं मराठी कन्नडमधून उठून येतं. मोजते मात्र कन्नडमध्येच: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आठापर्यंत नीट चालतं. मग ती कुणाची तरी पाठ सरळ करायला जाते आणि परत येऊन पुन्हा आरु, म्हणजे सहापासून सुरू करते. हे ती मुद्दाम करते असा आमचा दाट संशय आहे.

पहिला आठवडा सगळे क्लास करून बघायची सवलत होती. झुंबाला सगळ्यात जास्त गर्दी. कोलंबियातल्या बेटो पेरेझ नावाच्या शिक्षकाची एरोबिक्सची कॅसेट एकदा घरी राहिली, त्यानं आपल्याजवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर वर्ग घेतला, त्यातून हे सुरू झालं म्हणतात. आमच्याकडं कॅसेट विसरण्याचा प्रश्न नाही. मोबाइलवर कन्नड सिनेमाची गाणी आणि गणपतीच्या मिरवणुकीतली मराठी गाणी आलटून पालटून लागतात. मजा येते, घाम येतो, आणि आरशात स्वतःला बघायचं नाही हे पटकन शिकता येतं. पण माझ्या गुडघ्यांना ते गिरकी घेणं मानवलं नाही. ठोकळ्यावर चढ-उतर करायचा स्टेपचा क्लास त्यापेक्षा बरा वाटला. जिन मिलर नावाच्या अमेरिकन बाईनं स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर उपाय शोधताना हा प्रकार बसवला, असं नंतर वाचलं. माझा गुडघा तिच्यासारखा कल्पक नसावा, पण त्यानं तक्रार केली नाही.

तबाताबद्दल काय सांगू. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, अशा ८ फेऱ्या, म्हणजे सगळी मिळून ४ मिनिटं. इझुमी तबाता या जपानी संशोधकानं १९९६ साली याच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांचे खेळाडू प्रयोगशाळेतल्या सायकलवर खरोखर मरेपर्यंत दामटायचे. आम्ही त्या १० सेकंदांत पाणी पितो, ओढणी सावरतो, "गॅस बंद केलो काय मी?" असं एकमेकींना विचारतो. तबातांनी बघितलं असतं तर नाव बदला म्हणाले असते.

मी राहिले ती वजनांच्या क्लासला. त्याला सगळ्यात कमी बायका होत्या. "हात मर्दासारखे होतील" ही भीती. ती खोटी आहे. तसे दंड यायला शरीरात टेस्टोस्टेरॉन हवं, ते बायकांत पुरुषांच्या मानानं फारच थोडं असतं. उलट वाटेवर दुसरीच गोष्ट उभी असते: तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात, आणि पाळी गेल्यावर हाडंही भराभर विरळ होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल तर आहेच, पण त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायामही आहे. आपल्याकडं पहिलं वाक्य सगळे वाचतात, दुसरं कुणी वाचत नाही. व्हॅक्सिन डेपोत त्यामुळंच एवढी गर्दी.

वजनांच्या क्लासचा पहिला धडा मला नवा होता. मॅडम म्हणाली, "अक्का, आज पाच किलो. आठ दिवसांनी पाचच राहिलं तर काही उपयोग नाही." शरीराला रोज तेवढंच ओझं दिलं तर ते सरावतं आणि थांबतं. ओझं हळूहळू वाढवायचं, मधे थांबायचं, खायचं, झोपायचं, मग पुन्हा वाढवायचं. स्नायू उचलताना वाढत नाही. उचलताना त्याला बारीक इजा होते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत, आपण काही करत नसतो तेव्हा, तो भरून येतो आणि थोडा जास्त होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते त्यामुळंच. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून ठणकतं असं सगळे सांगतात, पण ते तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथं मिळालं. कांडी भरण्यात ओझं वाढत नाही. तोच खांदा, तोच कोन, तेच वजन, हजारो वेळा. रोप लावताना कंबर दिवसभर एकाच बाकात. त्यात थांबणं नाही, भरून येणं नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या गोष्टीचा बराच पाठपुरावा केलाय. फावल्या वेळच्या व्यायामानं हृदयाला जो फायदा होतो, तो दिवसभराच्या अंगमेहनतीच्या कामानं होतोच असं नाही, काही वेळा उलटही होतं, असं त्यांना दिसलं. कारणं तीच: फार वेळ, एकाच पवित्र्यात, आपल्या मर्जीनं न थांबता येणारं, पुरेशा विश्रांतीशिवायचं. हे मुख्यतः पुरुष कामगारांकडं बघून निघालेलं आहे. कांड्या भरणाऱ्या बायकांची खांदेदुखी मोजायला अजून कुणी आलेलं नाही.

उरलेलं अर्धं उत्तर घरातच होतं.

माझे चुलत सासरे त्यांच्या काळातले पैलवान. बेळगावला तालमींची कमी नाही, आनंदवाडीच्या आखाड्यात मोठं मैदान भरलं की अजूनही घरातले पुरुष ठरवून जातात. काकांच्या कुस्त्यांच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. या वेळी मी आत्यांना वेगळंच विचारलं, ते खायचे काय? आत्या खुलल्या. पहाटे जोर-बैठका, मग तांब्याभर दूध, त्यात तूप. भिजवून सोललेले बदाम पाट्यावर वाटून त्याची थंडाई. आठवड्यात दोनदा मटण. दुपारी जेवून झोप, आणि त्या वेळी घरात कुणी भांडं आपटायचं नाही. संध्याकाळी पुन्हा तालीम, रात्री पोरं अंगाला तेल चोळायची. "खुराक पायजे की. नुसत्या जोरानं पैलवान होतोय काय?" आत्या म्हणाल्या.

मी विचारलं, बदाम कोण वाटायचं?

"जाऊबाई. दुसरं कोण वाटणार?" पहाटे चारला उठून. दूध तापवायचं तीच, माप बघायची तीच, विहिरीचं पाणी आणायची तीच. आणि मग आत्यांनी अगदी सहज, कौतुकानंच सांगितलं, की जाऊबाई मोठी समजूतदार. बदाम वाटून झाले की पाटा धुवायची, आणि ते पांढरट पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण प्यायची.

मी त्यावर काही बोलले नाही. बोलले असते तर आत्यांना कळलं नसतं मी कशावर चिडले ते, आणि मलाही नीट सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून जिमकडं बघायची माझी नजर बदलली. तोपर्यंत मला वाटत होतं की पुरुषांकडं तालीम होती आणि बायकांकडं नव्हती, एवढाच फरक. जोर तर दोघांनीही काढला. काकूंनी, म्हणजे त्या जाऊबाईंनी, काकांपेक्षा जास्तच काढला असेल. काकांच्या जोराला खुराक होता, तेल होतं, दुपारची झोप होती, भांडं न आपटणारं घर होतं. काकूंच्या जोराला पाटा धुतलेलं पाणी. व्यायाम आणि राबणं यांच्यात एवढाच फरक आहे, आणि हा फरक हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघरात ठरतो.

मॅडमनं एक दिवस वही आणायला सांगितली आणि काल काय खाल्लं ते लिहायला लावलं. मी लिहिलं: सकाळी चहा, अंबोळी एक. दुपारी भात, आमटी, भाजी. संध्याकाळी चहा, खारी. रात्री उरलेला भात, ताक, एक भाकरी. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं हेच. "उरलेला" हा शब्द मात्र जवळपास प्रत्येक वहीत. मॅडमनं हिशेब मांडला. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम, एक पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यात सात, मोठ्या जोंधळ्याच्या भाकरीत पाच-सहा. आमटी घरातल्या बाईच्या ताटात येईपर्यंत वरचं पाणीच उरलेलं असतं, हे तक्त्यात नसतं. बेरीज कुणाचीच पुरी पडेना. आमच्यातल्या एका जैन ताईंना अंडं चालत नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, चातुर्मासात आणखी बंधनं. पण बेरीज सगळ्यात बरी त्यांचीच निघाली, कारण त्या मूग आणि दूध मन लावून खातात आणि त्यांच्या घरी संध्याकाळचं जेवण सगळे एकदमच उरकतात, बाईसुद्धा. मला याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी दोन अंडी उकडून खाल्ली. स्वयंपाकघरात, उभ्यानं, पाठ फिरवून. नवरा पाणी प्यायला आला तर दचकले. आमच्या घरात कुणी मला कधी खाऊ नको म्हटलेलं नाही. तरी ताज्या अंड्यातलं पहिलं आपण घ्यायचं याची चोरी वाटते. ही चोरी कुठून आली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

रक्ताचाही विषय निघाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. मॅडमनं नव्या येणाऱ्या प्रत्येकीला आधी हिमोग्लोबिन बघून यायला सांगायला सुरुवात केली. त्यावर गावातल्या दुसऱ्या एका जिमवाल्यानं "तुमच्याकडं ॲडमिशन आहे का दवाखाना" अशी थट्टा केली म्हणे. मला तर हा त्या हॉलमधला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. सात-आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला जिना चढायला धाप लागते, तिला उड्या मारायला लावून काय मिळणार?

उड्यांवरून आठवलं. जम्पिंग जॅक म्हटलं की निम्म्या बायका आधी बाथरूमला पळतात. सुरुवातीला मला वाटलं कंटाळा करताहेत. मग एक दिवस गोकाकहून आलेली एक काकू जोरात म्हणाली, "उडी मारलो की गळतंय बघ, कशाला लपवायचं!" आणि हॉलमध्ये जो हशा पिकला, तसा मी पुन्हा ऐकलेला नाही. एकेकीनं सांगायला सुरुवात केली. शिंकताना, खोकताना, बसमध्ये खड्डा आला की. बाळंतपणांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल होतात, त्यानं हे होतं. त्याला व्यायाम आहे, अरनॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्येच तो मांडला, बसल्या जागी करता येतो, कुणाला कळतही नाही. पंचाहत्तर वर्षांहून जुनी गोष्ट, आणि त्या हॉलमधल्या, दोन-दोन तीन-तीन मुलं झालेल्या, एकीलाही कुठल्या दवाखान्यात कुणी ती सांगितलेली नव्हती. पिशवी काढलेल्याही बऱ्याच निघाल्या, त्यातल्या काही तर चाळिशीच्या आतल्या. अंडाशयंही काढली असतील तर हाडांची झीज लवकर सुरू होते. "काढून टाका, कटकट नको" एवढ्यावर ज्यांची सही घेतली गेली, त्यांना हे डंबेल उचलताना कळत होतं.

लोक लगेच म्हणतात, आपल्या झिम्मा-फुगडीत सगळं होतं, हे परदेशी खूळ कशाला. मला झिम्मा-फुगडी आवडते. गौरीला मी अजून घालते, आणि आमच्या हॉलमधल्या भल्याभल्या मुली माझ्यासमोर चक्कर येऊन बसल्यात. पण वर्षातल्या त्या दोन-चार रात्री, त्याही सगळ्यांना वाढून, आवरून झाल्यावरच्या. पैलवानानं फक्त जत्रेच्या दिवशी तालीम केली तर चालेल का? मग हे आम्हालाच का सांगता?

आमच्याकडं येणाऱ्या बायका कशा येतात, हेही बघण्यासारखं आहे. येळ्ळूरकडची एक आणि कंग्राळीकडची एक लाल बसनं येतात. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आल्यापासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्याआधी जाता-येता भाडं मोजून जिमला कोण पाठवणार होतं? एकीची फी गृहलक्ष्मी या सरकारी योजनेच्या २००० रुपयांतून जाते. नवऱ्याला तिनं "भिशी" म्हणून सांगितलंय. त्या पैशांत काय चालतं यावर वर्तमानपत्रात लोक तावातावानं लिहितात, त्यांच्यापैकी कुणाला ही नोंद हवी असेल तर माझ्याकडं आहे. एक बुरख्यात येते, आत शिरल्यावर बुरखा मारुतीशेजारच्या खुंटीला अडकवते आणि सगळ्यात जड डंबेल उचलते. चन्नम्मा सर्कलला घोड्यावर तलवार उपसून बसलेल्या काकतीच्या लेकीला, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या पुतळ्याला, वळसा घालून आम्ही सगळ्या स्कूटीवरून जातो. १ नोव्हेंबरला गावात एकीकडं कन्नड राज्योत्सव आणि एकीकडं मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी जिमला सुट्टी, आणि २ तारखेला कुणी कुणाला काल कुठं होतीस असं विचारत नाही.

हजेरी कमी होते ती भाषेनं नाही, पाण्यानं. राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, आमच्या बऱ्याच गल्ल्यांत पाणी ठरावीक दिवशीच येतं. पाण्याचा दिवस म्हणजे पिंप, घागरी, टाकी, धुणं सगळं एका झटक्यात. त्या दिवशी क्लासला येतात फक्त २४ तास पाण्याच्या प्रयोगातल्या वॉर्डांमधल्या बायका, २००८ पासून नळ चालू असलेल्या. मॅडमला आधी हे कळायचं नाही. आता तिनं भिंतीवर गल्लीनिहाय पाण्याच्या दिवसांचा कागद लावलाय आणि जड वजनांचा दिवस त्याच्या मागं-पुढं सरकवते. जगातल्या कुठल्या जिममध्ये असं वेळापत्रक नसेल.

विश्रांतीवर मात्र आमचं आणि तिचं जुळेना. ती म्हणायची, वजनांनंतर एक दिवस पूर्ण रेस्ट. आम्ही हो म्हणायचो आणि घरी जाऊन तांदूळ निवडायला, माळा आवरायला घ्यायचो. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८. मी हे आकडे नवऱ्याला वाचून दाखवले. तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी जरा जास्तच वाटतात." त्या रात्री त्यानं भांडी घासली. पुढच्या काही दिवसांतही घासली. मग पावसाळ्यात त्याची पाठ धरली, आणि आत्यांनी त्याला तेल चोळलं. खांदा वर जात नसलेल्या आत्यांनी.

मॅडमनं रविवार हा आठवड्याचा रेस्ट डे ठरवला होता. पण रविवार हाच आमच्याकडं सगळ्यात कामाचा. सगळे घरी, मटण, पाहुणे, शाळेचे युनिफॉर्म, आणि "आज वेळ आहे तर जरा" असं म्हणून निघणारी सगळ्यांची सगळी कामं. त्यामुळं गोकाकच्या काकूंनी मागणी केली की रविवारीही हॉल उघडा ठेवा. मॅडम ऐकेना, शरीराला आराम पाहिजे, तिनं बजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "आराम करायलाच यालोय की गे! घरात कुठं मिळतोय?"

तर आता रविवारी सहा ते सात हॉल उघडा असतो. कुणी वजन उचलायचं नाही अशी अट आहे. थोडी ताणा-ताणी झाली की बायका मॅटवर आडव्या होतात, दोघी-तिघी तर घोरतात. घरी सांगताना सगळ्या "आज जड वर्कआउट आहे" असंच सांगून निघतात. भांडण एकच चालू आहे, पैशांचं. येळ्ळूरवाली म्हणते झोपायचे पैसे कसले मागता, मॅडम म्हणते जागेचं भाडं मी भरते, आणि काकूंचं म्हणणं असं की पैसे घ्या, पण मग सातला पंखा बंद करायचा नाही.